गरुडाचा डावा डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात मी माझ्या मामाला घेऊन पिंगुळीला गेले. कुडाळला लागून असलेलं हे गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. मठात दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि मागे फिरायचं, असंच आम्हीही वर्षानुवर्षं केलं. या खेपेला मात्र मागे फिरलो नाही. तिथल्या ठाकर वस्तीत गेलो. त्या वस्तीत एक संग्रहालय आहे आणि ते गोठ्यात आहे.

हो, गोठ्यातच. गुरं बांधायच्या जागेत परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराण्यातून आलेली चित्रं, लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या असं सगळं मांडलं. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्याचं नाव. २०२१ साली गंगावण्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरात त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही पिंगुळीची जुनी चित्रं आहेत, काचेच्या मागे. पण ज्या वाडीत ती चित्रं काढली, गायली, वाजवली, त्याच वाडीत ती बघायची म्हणजे वेगळं काम आहे. तिथे चित्राला हुडुक आणि टाळाची सोबत मिळते.

चित्रकथी कशी असते ते थोडक्यात सांगते. एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक चित्र समोर धरतो, ओव्या गातो, प्रसंग संपला की चित्र फिरवतो आणि पुढचा प्रसंग डोळ्यासमोर येतो. रामायण, महाभारत आणि त्यातली आपल्याकडची उपकथानकं. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेला आश्रय दिला. चित्रांतली माणसं बहुधा एका बाजूने काढलेली, आणि डोळा हा एवढा मोठा. आधी दिसतो तो डोळाच. हे लक्षात ठेवा, कारण मी आज डोळ्यांबद्दलच बोलणार आहे.

माझ्या मामाने चाळीस वर्षं टेम्पो चालवला. त्यामुळे युद्धाचं चित्र समोर आलं तेव्हा सगळे अर्जुनाकडे बघत होते आणि मामा रथाच्या चाकाकडे. चाकाच्या आऱ्यांवर बारीक ठिपके, कण्यावर वेलबुट्टी. बराच वेळ बघून तो मला हळूच म्हणाला, "बाये, हेंका डोळे आधी काढतत काय मागसून, इचार गो."

हा प्रश्न मामालाच का पडला ते सांगायला मला १९९१ साली जावं लागेल.

तेव्हा मी अकरा वर्षांची, आणि दिवाळी झाली की पुढचे दिवस आजोळी. मामाकडे टाटाचा चारशे सात टेम्पो होता. पावसाळ्यात खतं, चिरे, पत्रे, आणि कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटक मंडळी. पेटारे, पेटी, पखवाज आणि वर पंधरा-वीस माणसं. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, असं शिमग्यापलीकडे चालायचं. मंडळींच्या मालकांनी एकदा मामाला म्हटलं, तुझी गाडी मालवाहू दिसते, देवाच्या कामाची दिसत नाही. मामाला ते लागलं. त्याने गावातल्या पेंटरला बोलावलं.

हे पेंटरकाका श्रावणात गणपतीच्या शाळेत, उरलेलं वर्षभर दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावं, देवळाचे खांब. गाडीचं मूळ अंग तसंच ठेवायचं असं ठरलं, कारण नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि सगळा रंग बदलला तर तो नोंदवून घ्यावा लागतो. चित्र काढायचं ते मागच्या फाळक्यावर. पेंटरकाकांनी फाळका उतरवून खळ्यात दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला. घासपेपरने जुना रंग खरवडला, गंजावर लाल प्रायमर दिलं, मग पिवळ्याचे दोन हात. ते सुकल्यावर खडूने आखणी केली. फाळक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पंख पसरलेला गरुड. एनॅमल रंग टर्पेंटाईनने पातळ करून त्यांनी एकेक पीस वेगळं काढलं. मी मोजली होती, एका पंखात छत्तीस. चार दिवसांनी गरुड पुरा झाला. फक्त डोळे राहिले होते.

डोळे शेवटी. गणपतीच्या शाळेतही तेच, हे तुम्ही घरचा गणपती आणायला जाता तेव्हा बघितलेलं आहे. सगळ्या मूर्ती रंगून रांगेत बसलेल्या असतात आणि आखणी करणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो. पुन्हा सांगते, डोळे शेवटी. ते काढायला पेंटरकाकांना सकाळ हवी होती, दंव सुकल्यानंतरची सकाळ.

आणि त्याच संध्याकाळी मंडळींचा निरोप आला. दुसरी गाडी बिघडली, रात्री खाडीपलीकडच्या गावात जत्रा आहे, लगेच ये. मामाने फाळका चढवला, पेटारे भरले आणि निघाला. मी हट्ट करून पुढे बसले. पेंटरकाका बाजारात गेले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही देवळामागे गाडी लावली. देवळाच्या पडवीत नट मंडळी रंगायला बसली. दशावतारात ज्याचा त्याने आपला चेहरा रंगवायचा असतो. प्रत्येकासमोर एक हातआरसा, मधे एक गॅसबत्ती. राजा बोटाने कपाळावर गंध ओढतोय, शेजारी राणीचं काम करणारा बाप्या भुवया काढतोय, संकासुर काळा झगा झटकतोय. पालखी अजून फिरत होती, नाटकाला दीड वाजणार होता. आणि तेवढ्यात अंधारातून पेंटरकाका आले. काखेत पिशवी, पिशवीत दोन डबे आणि कुंचले. शेवटची एसटी धरून तिठ्यापर्यंत आले होते आणि पुढचे पाच-सहा मैल चालत.

मामाला वाटलं, आता हे भांडणार. ते एवढंच म्हणाले, "आंधळो गरुड रस्त्यार घेऊन फिरतंस? तेका डोळे घालूक इलंय."

उजेड नव्हता. गॅसबत्ती एकच आणि ती नटांना हवी. माझ्या हातात बॅटरी दिली, पण तिचे सेल उतरलेले. तेव्हा राजाचं काम करणारे नट उठले. अर्धा चेहरा रंगलेला, अर्धा तसाच. त्यांनी आपला हातआरसा घेतला, गॅसबत्तीसमोर तिरका धरला आणि उजेडाचा एक गोल तुकडा बरोबर गरुडाच्या तोंडावर नेऊन ठेवला. मग राणीने आपला आरसा आणला. मग संकासुराने. तीन आरशांचा उजेड एका जागी पडला आणि पेंटरकाका गुडघ्यावर बसले.

त्यांचा तो कुंचला मला अजून दिसतो. खारीच्या केसांचा, टोकाला सातआठ केस असतील. डावा हात मनगटाखाली टेकवला होता, श्वास धरला होता. उजवा डोळा एका दमात झाला. आधी पांढरं, मग काळ्याची कड, मग बुबुळ आणि बुबुळात तांदळाच्या कणीएवढा पांढरा थेंब. तो थेंब पडला आणि गरुडाने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांच्या मुलीला तसं वाटलं म्हणून सांगत नाही, आज त्या क्षणाचा विचार केला तरी मला तसंच वाटतं.

डाव्या डोळ्याच्या वेळी दंव पडायला लागलं. कार्तिकातलं दंव तुम्हाला ठाऊक आहे, बाहेर वाळत घातलेले कपडे सकाळी पिळावे लागतात. ओल्या एनॅमलवर दंव बसलं की रंगाची चमक जाते, वर धूर धरल्यासारखा थर येतो. पेंटरकाकांनी पंचा सोडून फाळक्यावर छपरासारखा धरला. मी एक टोक धरलं, मामाने दुसरं. नाटक सुरू झालं, पखवाज वाजला, गणपती येऊन गेला, मोरावरची सरस्वती येऊन गेली, आणि आम्ही तिघं गाडीमागे पंचा धरून उभे. तरीही सकाळी बघितलं तर डावा डोळा धुरकटलाच होता. उजवा लखलखीत, डावा मंद. मामा म्हणाला, पुन्हा काढूया. पेंटरकाका नाही म्हणाले. तो त्या रात्रीचा डोळा आहे म्हणाले, तसाच राहू दे.

त्या टेम्पोला पुढे सगळे गरुड म्हणूनच ओळखायचे. गरुड इलो म्हणजे नाटकवाले इले.

हाताने काढलेल्या अक्षराबद्दल माझं एक मत आहे, ते इथेच सांगून टाकते. एसटी स्टँडवरचा रंगवलेला वेळापत्रकाचा फळा मला कुठल्याही फ्लेक्सपेक्षा वाचायला सोपा जातो, कारण काढणाऱ्याने प्रत्येक गावाचं नाव लिहिताना त्या गावाचा विचार केलेला असतो. फ्लेक्सवर सावंतवाडीचं सावतंवाडी होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ट्रकमागच्या अक्षरांचंही तसंच. २०१५ साली महाराष्ट्रात गाड्यांमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली, हॉर्नचा गोंगाट कमी व्हावा म्हणून. हेतू चांगला होता, आणि गोंगाट मलाही नको. पण अक्षरकामातली सगळ्यात सरावाची ओळ त्यामुळे गेली आणि तिच्याबरोबर कितीतरी पेंटरांचं नेहमीचं काम गेलं, याचं मला वाईट वाटतं.

असो. गाड्यांकडे परत येते. सजवलेली गाडी ही जपून ठेवायची वस्तू आहे असं म्हटलं की लोक हसतात. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याने मला ह्यूस्टन शहराबद्दल सांगितलं. तिथे १९९८ साली फक्त सजवलेल्या गाड्या आणि स्थानिक चित्रकारांची कामं दाखवणारं एक लहानसं संग्रहालय सुरू झालं. लोक त्याला लाडाने 'गराज महल' म्हणत. २०२४ साली ते बंद झालं. पण सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक त्या शहरात १९८८ पासून निघत आलेली आहे. आपल्याकडे रथ ओढतात, होड्या रंगवतात, बैलाची शिंगं रंगवतात, गणपती ज्या टेम्पोतून येतो त्याला केळीचे खुंट बांधतात. म्हणजे सजवायचं आपल्याला शिकवायला नको. आपण कमी पडतो ते ठेवण्यात. होडी मोडली की लाकूड चुलीत, टेम्पो थकला की भंगारात.

मामाचा टेम्पोही विकला गेला. घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सगळ्यावर एकच निळा हात मारला. मामाने तो बघितला तेव्हा घरी येऊन जेवला नाही, हे मामीने मला नंतर सांगितलं. पण गरुड त्या निळ्याखाली गेला नव्हता. खालून पत्रा कुजला म्हणून विकायच्या आधीच मामाने फाळका बदलला होता. जुना फाळका विहिरीवरच्या पंपाच्या खोपीला दार म्हणून बसवला होता, चित्र आतल्या बाजूला करून. अठ्ठावीस वर्षं तो गरुड अंधारात पंपाकडे बघत होता आणि आम्ही सगळे विसरलो होतो.

पिंगुळीहून परत येताना मामा गाडीत गप्प होता. झारापला आलो तेव्हा म्हणाला, त्यांनी गोठ्यात ठेवलं, आपल्याकडे पडवी आहे. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता पाना घेऊन विहिरीकडे गेला. बिजागऱ्या गंजून धरल्या होत्या, त्यांना तेल पाजून संध्याकाळपर्यंत ठेवलं. मग मी, मामा आणि शेजारचा मुलगा, तिघांनी मिळून फाळका उचलून पडवीत आणला. कोळिष्टकं झाडली, ओल्या फडक्याने हळूहळू पुसलं. खालचा हातभर पत्रा गेलेला आहे, नखं आणि शेपटी नाहीत. खाऱ्या हवेने पिवळ्याला पोपडे आलेत. पण पंख आहेत. उजव्या डोळ्यातला तो तांदळाच्या कणीएवढा थेंब आहे. आणि डावा डोळा, तसाच, धुरकट.

पेंटरकाका आता नाहीत. गावातला एक चांगला हात असलेला मुलगा म्हणाला, मी डोळे नवे करून देतो, पैसे नकोत. मामाने त्याला चहा दिला, बाजूला बसवला आणि जत्रेच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. मुलाने परत विचारलं नाही. आता तो दर रविवारी येतो आणि वहीत एकेक पीस उतरवून घेतो. मामाच्या पडवीत आता फाळक्याशेजारी मंडळींच्या पेटाऱ्याचं एक झाकण आहे, मोडलेल्या होडीची नावाची फळी आहे, आणि सावंतवाडीच्या चितारआळीतला, माझ्या आईच्या लहानपणचा लाकडी केळ्यांचा घड आहे. लोक बघायला येतात. मामा प्रत्येकाला हात लावू देतो, हेही मला पटतं. फाळक्याला हातच लावायचे असतात.

तुम्हाला पिंगुळीला जायचं असेल तर कुडाळ स्टेशनवर उतरा, रिक्षा मिळते. मठात जा, आणि मग ठाकर वस्तीचा रस्ता विचारा. फोटो काढून लगेच निघू नका. बसा, आणि एखादी कथा गाऊन दाखवा म्हणून विनंती करा. चित्र फिरवतात तेव्हा कागदाचा जो आवाज होतो तो ऐका.

आणि हो, मामाच्या प्रश्नाचं राहिलं. मी त्या दिवशी तिथे विचारलं नाही. चित्र समोर होतं, ओवी चालू होती, आणि मामा स्वतःच म्हणाला, "रवांदे, माका कळला."

नमस्कार.