ज्वारीची भावकी

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जाऊन बघा. पाऊस जाऊन तीन महिने झालेले असतात, जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा, आणि तरीही मालदांडी ज्वारीच्या कणसात दाणा भरत असतो. एका धाटाची खालची पानं वाळून खडखडतात, शेजारचं धाट मात्र बुडापर्यंत हिरवं. हा फरक मला विद्यार्थी असल्यापासून स्वस्थ बसू देत नाही.

या फरकामागे जनुकं आहेत, आणि जनुकांचीही भावकी असते. एका मूळ जनुकाच्या नकला होतात, आणि लाखो वर्षांत त्या आपापली कामं वाटून घेतात. कुणी मुळाकडे बघतं, कुणी कणसाकडे. ‘पिन’ हे असंच एक कुळ. त्यातलं एक जनुक बिघडलं, तेव्हा मोहरीच्या नात्यातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यावर फुलांऐवजी टाचणीसारखा नुसता दांडा उभा राहिला. नाव पडलं ते त्यावरून. या जनुकांची प्रथिनं ऑक्झिन हे संप्रेरक पेशीबाहेर ढकलतात. ते कुठे साचेल, त्यावर मूळ कुठे फुटायचं आणि फुटवा वाढायचा की नाही, हे ठरतं.

ज्वारीचा जनुकसंच २००९ साली वाचून झाला. डीएनएच्या सुमारे ७३ कोटी अक्षरांच्या त्या पोथीत या कुळातली ११ भावंडं सापडली. मूळच्या इथिओपियन अशा एका ज्वारीत पानं हिरवी ठेवणारे जनुकसंचाचे जे पट्टे आहेत, त्यांतल्या दोन पट्ट्यांत यातली दोन बसतात. त्या ज्वारीला फुटवे कमी, वरची पानं लहान. फुलोऱ्याआधी ती पाणी जपून वापरते, आणि उरलेली ओल दाणा भरताना कामी येते. रब्बीच्या पिकाला याहून मोलाचं काय असेल?

पण भावकीत एकाला गाठून भागत नाही. एक गप्प झाला की दुसरा त्याचं काम उचलतो. म्हणून मूळ, पान, कणीस, सगळीकडचे नमुने घ्यायचे. पाणी दिलेल्या रोपाचे वेगळे, ताणावरच्या रोपाचे वेगळे. पानाचा तुकडा कापला की त्याच क्षणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. जरा उशीर झाला, तर कोणतं जनुक जागं होतं, याचा पुरावाच विरतो.

१९३०च्या दशकात मोहोळला शेतकऱ्यांच्या मालदांडीतून ‘एम ३५-१’ हे वाण निवडलं गेलं, ते डोळ्यांनी पारखूनच. आम्हीही आज शेतात हिरवी पानं मोजतो. यंदा हुरड्याला गेलात, तर एका धाटाची पानं मोजून ठेवा, आणि काढणीला त्याच धाटाची पुन्हा मोजा.