एका अक्षराची चूक

हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, तेव्हा कित्येक खलाशांचे पाय आठ-आठ दिवसांनी जमिनीला लागलेले असतात. एचआयव्हीसह जगणारा माणूस त्यांच्यातही असू शकतो, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या मजुरांतही आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांतही. रोज एक गोळी, तीही ठरल्या वेळी, हा नियम सांगायला सोपा आहे. पण बोट दोन दिवस उशिरा परतली, पावसाने घाटरस्ता बंद झाला किंवा पाहुण्यांनी भरलेल्या घरात डबी उघडण्याचे धैर्य झाले नाही, की नियम मोडतो.

औषध लागू पडेनासे झाले की बोल रुग्णाला लावला जातो. प्रत्यक्षात विषाणूच्या शरीरात काय घडते, ते आधी समजून घ्यायला हवे.

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे 9,700 अक्षरांचा असतो. त्याची नक्कल करणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) लिहिलेले पुन्हा तपासून पाहत नाही, त्यामुळे सरासरी दर तीन-चार नकलांमागे एखादे अक्षर चुकते. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज अंदाजे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे एका अक्षराची जवळजवळ प्रत्येक शक्य चूक तिथे दररोज होत असते. गोळी ही चूक, म्हणजे उत्परिवर्तन, घडवत नाही. आधीच झालेल्या चुकांपैकी एखादीला ती अनवधानाने वाव देते.

एम184व्ही हे उत्परिवर्तन पाहा. विकराच्या साखळीतील 184व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि लॅमिवुडिन हे औषध जवळपास निष्प्रभ होते. त्यासाठी एकच अक्षर बदलावे लागते. या बदलाने विषाणू काहीसा दुबळा होतो आणि टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधाला अधिक बळी पडतो, ही त्यातली जमेची बाजू. के103एन हे दुसरे उत्परिवर्तन मात्र असा मोबदला घेत नाही: नेव्हिरॅपिन आणि एफाविरेन्झ ही दोन्ही औषधे त्याच्यापुढे हरतात आणि विषाणूची वाढ फारशी मंदावत नाही.

म्हणूनच तीन औषधे एकत्र दिली जातात. तिन्हींना चकवणाऱ्या चुका एकाच विषाणूत एकाच वेळी जुळून येणे अत्यंत दुर्मीळ असते, आणि औषधे नियमित पोटात गेली तर नक्कलच थांबते; मग चूक होणार तरी कुठे? धोका असतो तो अर्धवट औषधाच्या दिवसांत. जुन्या उपचारात गोळ्या एकदम बंद झाल्या, तर झिडोवुडिन आणि लॅमिवुडिन लवकर ओसरत, एफाविरेन्झ मात्र आठवडाभरही रक्तात रेंगाळे. इतके दिवस विषाणूसमोर एकटेच औषध उरे, आणि के103एनला नेमकी तेवढीच फट पुरे. बोटीवर डबी न्यायला विसरलेल्या माणसाला हे कुणी सांगितले होते?

भारतात मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी ही उपचारपद्धती, 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. 2020 नंतरच्या काळात एफाविरेन्झची जागा मोठ्या प्रमाणावर डोल्युटेग्राव्हिर या औषधाने घेतली. विषाणू त्याला कधीच चकवू शकत नाही असे नाही, पण ते त्याला बरेच अवघड जाते. तरीही लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी, किंवा आम्लपित्तावरची काही औषधे कधीही, डोल्युटेग्राव्हिरसोबतच घेतली, तर ते रक्तात कमी उतरते. गरोदर स्त्रियांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिले जातात, तेव्हा ही वेळेची गणिते समुपदेशकाने सावकाश बसून समजावून सांगायला हवीत.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला आढळला तर आधी गोळ्या कशा घेतल्या जातात ते विचारले जाते, आणि गरज भासल्यास विषाणूची जनुकीय चाचणी होते. ही चाचणी औषध सुरू असतानाच करणे बरे, कारण औषध थांबले की मूळ, जोमदार विषाणू पुन्हा पुढे येतो आणि बदललेला त्याच्यामागे झाकला जातो. तो नाहीसा होत नाही. विषाणू ज्यांत शिरतो त्या दीर्घायुषी सीडी4 पेशींत त्याची प्रत वर्षानुवर्षे जपलेली राहते आणि तेच औषध पुन्हा दिले की ती बाहेर येते.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने जवळचे केंद्र टाळून, घाट चढून कोल्हापूर गाठणारा माणूस नव्या डॉक्टरांसमोर बसतो, तेव्हा त्याच्या रक्ताच्या अहवालात ही जुनी चूक दिसेलच असे नाही. कोणत्या वर्षी कोणती गोळी होती आणि ती का बदलली, हे सांगणारी एकच वस्तू त्याच्याजवळ असते: पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आणि घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून कपड्यांखाली ठेवलेली उपचाराची पुस्तिका.