एकसष्टच्या पोटातली संख्या

राम राम मंडळी. कागद-पेन हाताशी घ्या आणि एक संख्या सावकाश लिहा: १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९.

आता एक प्रश्न. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६० ने गुणून एक मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? ४ घ्या. सोळा साठे ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६० ऐवजी ६२ घेतले तर ८ आणि ६३ ची जोडी जमते. मधल्या ६१ ला मात्र पहिली जोडी सापडते ती थेट २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० वर, आणि तिची जोडीदार म्हणजे आपण लिहून घेतलेली संख्या. मिनिटाला एक संख्या तपासत गेलात तरी चारशे तीस वर्षं लागतील!

भास्कराचार्यांनी ती ११५० च्या सुमारास काढली, चक्रवाल रीतीने. फ्रान्सच्या फर्मा नावाच्या गणितज्ञानं हेच ६१ चं कोडं १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं, पाचशे वर्षांनी.

चक्रवाल अंदाज बांधत नाही, चूक आवरत आणते. ८ चा वर्ग ६४, एकसष्टपेक्षा तीन जास्त. तिथून ३९ आणि ५: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, चार कमी. पुढे २९,७१८ चा वर्ग ८८ कोटी ३१ लाख ५९ हजार ५२४, आणि ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ५२५ वर संपते. फक्त एक कमी! त्या ५२४ वाल्या संख्येची दुप्पट करून एक मिळवा. आली ना आपली संख्या? मला हे पहिल्यांदा जुळलं ते कापसाच्या पावतीच्या पाठीवर, आणि मी ती पावती अजून टाकलेली नाही.

माझे वडील अडतीवर हिशेब लिहायचे. प्रत्येक गुणाकाराला नवाचा ताळा: एकच अंक उरेपर्यंत अंक मिळवत जायचे, नऊ उरले तर शून्य धरायचं. तोच इथे लावू. मोठीचे अंक मिळवा: ४६, मग १०, मग १. धाकटीचे ३६, म्हणजे ताळ्यात शून्य. डावीकडे एकाचा वर्ग एक. उजवीकडे ६१ गुणिले शून्य, अधिक एक. जुळला. ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असतं असं नाही, पण चुकला तर चूक नक्की, असं ते सांगत.

चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. त्या मठासाठी बाजारातल्या मालावरच्या कराचं दान दिलेलं आहे, आणि ते कलम जुन्या मराठीत कोरलंय. आपल्या बाजारपेठेच्या पैशावर हे गणित शिकवलं जात होतं, मंडळी. पाटणादेवीला जाता तेव्हा हे पोरांना सांगत जा.

आचार्यांनी ६१ बरोबर ६७ चंही उदाहरण दिलंय. त्यातली मोठी संख्या ४८,८४२. तिचा वर्ग करा, एक वजा करा, ६७ ने भागा, वर्गमूळ काढा. धाकटी तुम्ही शोधा, आणि आधी नवाचा ताळा बघा.