सोमवारची ओल

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचं आहे भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या देखभालीबद्दल. करार, अनामत, भाडेकरूचा फॉर्म पोलीस ठाण्यात देणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. आपल्याकडे गोव्यात अकराच महिन्यांचा करार का, हेही ठाऊक असेल. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो, तो खटाटोप चुकवायला. ते राहू दे. माझं आजचं सांगणं एवढंच: तारीख लिहून ठेवा. नळ गळला, छत पाझरलं, मोटर बंद पडली, तारीख लिहून ठेवा.

हे मला एका बाईंनी शिकवलं.

म्हापशाला माझा एक फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. वर आणखी एक मजला, मग गच्ची. माझ्या फ्लॅटमध्ये निवृत्त शिक्षिका राहतात. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला मालक म्हणतात, आणि त्या 'मालक'मध्ये थोडीशी छडी असते. एका फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "मालक, स्वयंपाकघराच्या छताला ओल आलीय." मी जाऊन पाहिलं. ताटाएवढा डाग. फेब्रुवारीत पाऊस कुठला? पण मी शहाणा. म्हटलं, गेल्या पावसाचं पाणी गच्चीत मुरलंय, ते भिंतीतल्या भिंतीत खाली उतरतंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गच्चीवर संशय घ्यायला कारण लागतंय कशाला? इमारतीतल्या सगळ्यांना पटवलं, वर्गणी काढली, एप्रिलमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. बाईंच्या छताला नवा रंग दिला. मोठ्या तोऱ्यात पावती दाखवली.

मे महिन्यात डाग परत आला. त्याच जागी.

बाईंनी मला बोलावून घेतलं. चहा दिला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं. ज्या दिवशी छताला हात लावल्यावर ओल लागली, त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेन्सिलीने 'ओ'. "वाचा," म्हणाल्या. मी वाचलं. रविवार, सोमवार. पुढचा आठवडा कोरा. मग परत रविवार, सोमवार. "पाऊस वार बघून पडतो का हो मालक?"

वरचा फ्लॅट पुण्याच्या एका कुटुंबाचा. शनिवारी येतात, रविवारी रात्री जातात. इथे मी थोडं विषय सोडून बोलतो. संध्याकाळी पर्वरीच्या नव्या इमारती बघा. कितीतरी खिडक्या काळ्याठिक्कर. इथल्या पोरांना भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत, आणि कुलूपं आरामात राहतात. असो.

वरच्या गृहस्थांचं म्हणणं, "आमचं घर बंद असतं, गळणार कसं?" प्लंबर म्हणाला, "बाब, उदक खंयच्यान येता तें पयलीं पळयात." त्यांच्या परवानगीने न्हाणीघराचं भोक बोळा घालून बंद केलं, जमिनीवर पाणी साठवलं, आणि बाईंनी शिगम्यातला उरलेला गुलाल पुडीतून काढून दिला. तो पाण्यात कालवला. रात्रभर ठेवलं. सकाळी बाईंच्या छताला गुलाबी डाग! वरचे गृहस्थ खाली आले, मान वर करून पाहत राहिले, काही बोलले नाहीत. नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या भोकाखालचं थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं, आणि स्लॅब यांच्यामधला सांधा सुटला होता. पाणी वापरलं की झिरपायचं. दुरुस्ती त्यांनीच केली, आणि ती गच्चीच्या वर्गणीतल्या माझ्या एकट्याच्या वाट्याहूनही स्वस्तात झाली. इमारतीतले लोक अजून मला गच्चीवर बोलावतात, "या, पाहून घ्या, कोरडी आहे."

तर श्रोतेहो, आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग खर्च करा. परत सांगतो, आधी शोधा, मग खर्च. आणि शोधायला तारीख लागते.

वेळ संपत आली, तेव्हा बाकीचं भराभर. फ्लॅट ताब्यात देताना वीज मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो, भाडेकरूसमोर. टाकी धुतली की टाकीवरच मार्करने तारीख. गच्चीच्या पन्हळी जूनच्या आधी साफ. एकदा मुसळधार सुरू झाला की वर कोण चढतो? आणि फ्लॅट रिकामा असेल तर पंधरा दिवसांनी प्रत्येक नहाणीत एक मग पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की वास आणि झुरळं थेट घरात.

बाईंचं कॅलेंडर अजून चालू आहे. परवा भाडं घ्यायला गेलो, तर एका चौकटीत लाल अक्षरात 'एक्झॉस्ट पंखा, मालकांना सांगितले'. खाली रोज एक एक रेघ. मी मोजल्या, बारा होत्या. पंखा कालच आणलाय, इथून निघालो की बसवायला जायचं आहे. नमस्कार.