पेटी आपली, पसंती कोंबडीची

(महिला बचत गटाच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

नमस्कार. मघाशी चहा घेताना एक ताई म्हणाल्या, "घरात बारा कोंबड्या, आणि अंडी दुकानातून आणते." हसू नका, मीसुद्धा आणली आहेत.

गेल्या मे महिन्यात मागीलदारची लाकडांची रास उपसली, तर खाली सतरा अंडी! बादलीत पाणी घेऊन एकेक सोडलं. तळाशी आडवी बसली ती ताजी, टोकावर उभी राहिली ती जुनी, पाच तर तरंगलीच. तरंगलेलं अंडं हळूच उचलायचं असतं. माझ्या जावेने ते धसमुसळेपणाने उचललं. पुढे दोन दिवस पडवीत कोणी बसलं नाही.

त्या राशीपासून दहा हातांवर, कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून केलेल्या माझ्या पेट्या होत्या. प्लायवूडच्या, आतून पांढऱ्या रंगवलेल्या, अंगणाकडे तोंड करून. मला फार आवडायच्या. कोंबड्या त्यांच्या टपावर बसायच्या.

मग मी एक सकाळ नुसती बघत बसले. अंड्याची वेळ झाली की कोंबडी दाणे सोडते. मान लांब करून कोपऱ्याकोपऱ्यात डोकावते, आत शिरते, बाहेर येते, परत शिरते. एकदा जागा पटली की पोटाने गोल फिरत खळगा करते आणि चोचीने काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. म्हणजे तिला काळोख हवा, तिन्ही बाजूंनी आडोसा हवा आणि खाली उकरता येईल असा पेंढा हवा. माझ्या पेटीत यातलं काय होतं?

आता माझ्याकडे गोडेतेलाचे १५ किलोचे रिकामे डबे आहेत. तोंड कापून आडवे ठेवलेत, कापलेली कड आत दुमडलीय, नाहीतर पाय कापतात. गावठी कोंबडी त्यात मजेत मावते. वनराजा किंवा गिरिराजा या थोराड सुधारित जातीची असेल तर मात्र फूटभर लांबी, रुंदी आणि उंचीचा खोका लागतो. तोंडाशी चार बोटं उंच पट्टी ठोका, म्हणजे पेंढा सांडत नाही, अंडं गडगडत नाही. वर गोणपाटाचा पडदा. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते, पण तुम्ही सहा ठेवल्यात तरी सगळ्या एकीसाठीच रांग लावतील. त्याला इलाज नाही.

पेटीत एक खोटं अंडं ठेवा. आधी कोणीतरी घातलंय, म्हणजे जागा धोक्याची नाही, असं कोंबडीला वाटतं. सावंतवाडीला लाकडी फळं करतात, तिथून मी चार लाकडी अंडी करून घेतली. नदीतला अंड्याएवढा गुळगुळीत गोटासुद्धा चालतो. खरं अंडं मात्र ठेवू नका. ते फुटलं आणि कोंबडीला चव लागली, की ती स्वतःचीच अंडी खाते. शिवाय धामणीला आमंत्रण.

जुनी सवय मोडायला आठ-दहा दिवस सकाळी अकरापर्यंत सोडायचं नाही. पेट्या, दाणा, पाणी, सगळं आतच. बहुतेक अंडी सकाळीच येतात. पण एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते. एखादी दुपारी चुकारपणा करणारच. बाहेरच्या जुन्या जागा तेवढ्यात जाळी टाकून बंद करा. तलंगांना तर पहिलं अंडं घालण्याआधीच, पाचव्या महिन्यापासून पेटी दाखवा. पहिली जागा त्या सहसा सोडत नाहीत.

रात्री बसायचा दांडा पेटीपेक्षा उंच हवा. कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते. पेटी उंच असली तर ती पेटीतच झोपेल आणि सकाळी अंडं विष्ठेत मिळेल. आणि रुळलेली कोंबडी अचानक पेटी सोडून गेली, तर तिला रागावण्याआधी रात्री बॅटरी घेऊन पेटीच्या फटी बघा. पिसवा किंवा बारीक लाल किडे असतात. पेंढा जाळा, डबा उन्हात तापवा.

हां, विचारा. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी पेटी अडवून बसते? पाण्यात बुचकळू नका हो तिला. खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी द्या. पोटाखाली वारा लागला की खूळ उतरतं. नाहीतर माझ्याकडे आणून द्या. बदकाची नऊ अंडी पडून आहेत आणि बदक काही बसायचं नाव घेत नाही.