रोजचाच खोकला

मंडळी, व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय ‘धूम्रपान आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार’ असा छापलाय. छापायला तो बरा दिसतो. पण आज आपण धारूरमध्ये बसलोय. दसरा झालाय, मुकादमांच्या उचली, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ रकमा, वाटून झाल्यात, आणि दिवाळीच्या आगेमागे इथली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतील. अशा वेळी मला एका वाक्याबद्दल बोलायचंय. दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकतो : ‘खोकला व्हय? त्यो तर रोजचाच हाय.’

2021 च्या एप्रिलमधली गोष्ट. करोनाची दुसरी लाट. शेजारच्या एका गावातले काका, वय पन्नाशीचं, आयुष्यभर ऊस तोडलेला माणूस, दिवसाला दीड-दोन बंडलं बिडी. अंग मोडून आलं, कणकण होती. आशाताई दारात आल्या, बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला 96. ताईंनी वहीत लिहिला, ‘चांगलं आहे’ म्हणाल्या. काकांनी ओट्यावर बसून बिडी पेटवली. खोकला होता, पण तो रोजचाच. तिसऱ्या रात्री जीपमध्ये आडवं टाकून आणलं तेव्हा तोच आकडा सत्तरच्या घरात होता.

ताईंचं चुकलं नव्हतं. यंत्रही बिघडलेलं नव्हतं. मग झालं काय?

ऑक्सिमीटर बोटातून दिवा टाकतं आणि रक्ताचा रंग बघतं. एवढंच त्याचं काम. रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरून बसलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं; ते शंभरात किती, तोच आकडा यंत्र दाखवतं. पण बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिवटपणे चिकटतो. तो चिकटला तरी रक्त लालच दिसतं. साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. एसटीत एखाद्याने सीटवर पिशवी ठेवावी आणि लांबून बघणाऱ्याला सीट भरलेली दिसावी, तसं. बिडी न ओढणाऱ्याच्या रक्तात हा वायू एक-दोन टक्के असतो. भरपूर ओढणाऱ्याच्या रक्तात पाच ते दहा टक्क्यांपर्यंत सापडतो. म्हणजे काकांच्या त्या 96 मधले पाच-सात नुसत्या पिशव्या असू शकतात. खरा ऑक्सिजन नव्वदच्या आसपास. तेव्हा 94 च्या खाली गेलं की दवाखाना गाठा, असं आम्हीच गावोगाव सांगत होतो. काका त्या रेषेच्या वर दिसले, म्हणून घरी राहिले.

धूर छाती खराब करतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यासाठी माझं व्याख्यान नको. धूर आजार लपवतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आता छातीच्या आत जाऊ. आपली श्वासनळी आतून ओली असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या रानावरून वाऱ्याची लाट जावी, तसे ते सगळे मिळून एका दिशेला हलतात, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू, विषाणू त्यात अडकतात आणि ही लाट त्यांना वर घशाकडे ढकलत आणते. आपण ते नकळत गिळून टाकतो. धुराने हे केस आधी मंदावतात, मग आखूड होतात, मग जागोजागी झडतात. दुसरीकडे चिकट द्रव करणाऱ्या पेशी वाढतात. झाडणारा गेला आणि कचरा वाढला. मग तो कचरा बाहेर काढायला खोकल्याशिवाय इलाज उरत नाही. सकाळी उठल्या उठल्या येणारी ती ढास आणि तो बेडका, तोच तुमचा ‘रोजचा खोकला’.

फ्लूचा किंवा करोनाचा विषाणू आला तर त्याची पहिली खूण काय? खोकलाच. ज्याला कधी खोकला नसतो तो दुसऱ्या दिवशी सावध होतो. ज्याचा रोजचाच आहे, त्याला पाचव्या दिवशी धाप लागल्यावर कळतं.

‘धुरानं जंतू मरत्यात, आमच्या आज्यानं जलमभर चिलीम वढली,’ असं सांगणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक जुना अभ्यास सांगतो. इस्रायलच्या सैन्यातल्या एका तुकडीत फ्लूची साथ आली. 336 तरुण, एकाच छावणीत राहणारे, एकच जेवण जेवणारे. त्यातले बरोबर निम्मे सिगारेट ओढणारे होते. ओढणाऱ्यांपैकी 68.5 टक्क्यांना फ्लू झाला, न ओढणाऱ्यांपैकी 47.2 टक्क्यांना. अंथरुण धरायला लावणारा किंवा कामावरून बसवणारा फ्लू ओढणाऱ्यांत पन्नास टक्क्यांना, तर बाकीच्यांत तीस टक्क्यांना. हा निष्कर्ष 1982 साली छापून आला. ही सगळी धडधाकट पोरं होती, बरं का. आज्याचं वय नव्हतं कुणाचं. धुराने जंतू मरत असते तर आकडे उलटे आले असते.

विषाणू पेशीत शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते, म्हणजे शेजारणीला हाक मारते : चोर आलाय, दार लाव. धुरात मुरलेल्या पेशींची ही हाक क्षीण असते. फुफ्फुसाच्या तळाशी जंतू खाऊन टाकणाऱ्या पेशी असतात, त्या काजळी गिळून तपकिरी झालेल्या, सुस्तावलेल्या असतात. मग विषाणूच्या मागोमाग न्यूमोनियाचे जिवाणू येतात आणि खरा घात बऱ्याचदा तेच करतात.

पण 2020 मध्ये एक गंमत झाली. करोनाच्या सुरुवातीला काही देशांतल्या रुग्णालयांचे आकडे आले. त्यात सिगारेट ओढणारे रुग्ण अपेक्षेपेक्षा फारच कमी. लगेच बोलबाला झाला की निकोटीन करोनापासून वाचवतं. फ्रान्समध्ये तर लोक निकोटीनच्या पट्ट्यांचा साठा करतील या भीतीने सरकारला विक्रीवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरलं. पानटपरीवर मला एकाने मोबाइल दाखवून विचारलं होतं, ‘आता काय म्हणता?’

आता म्हणतो. धाप लागलेल्या माणसाला ‘बिडी ओढता का?’ हे विचारतो कोण? केसपेपरवरचा तो रकाना कोरा राहतो, आणि कोरा म्हणजे ‘नाही’ असं पुढे मोजलं जातं. विचारलंच तर रुग्ण सांगतो, ‘सोडली.’ कधी? ‘चार दिस झाले.’ श्वासच घेता येईना म्हणून सुटलेली ती बिडी. कागदावर मात्र तो न ओढणारा होतो. मी स्वतः असे केसपेपर लिहिलेत, घाईत, पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन. पुढे ब्रिटनमध्ये चार लाखांहून जास्त लोकांच्या, साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून ठेवलेल्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे सिगारेट ओढणाऱ्यांना करोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा 80 टक्क्यांनी जास्त निघाली. बोटावरच्या यंत्राने जो घोळ केला, तोच इथे कागदाने केला होता.

काहीजण म्हणतील, महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढतंय कोण? खरंय. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे प्रौढ फक्त 3.8 टक्के निघाले. तंबाखूच्या बाकी शौकिनांचा कारभार चुना आणि डबीवर. त्या थुंकण्याबद्दल बोलायला घेतलं तर आजची रात्र पुरायची नाही. पण ऊसतोडीच्या टोळीतल्या शेकोटीभोवती हा हिशेब लागू पडत नाही. आणि एकाची बिडी एकट्याची राहते कुठे? फडावरची कोपी म्हणजे केवढीशी झोपडी, तुम्हाला मी काय सांगावं. वाकून आत जायचं, आत चूल, चुलीत पाचट, दाराशी बिडी आणि मधे वाकळीवर तान्हं. थंडीत त्या लेकराला साध्या सर्दीचा विषाणू लागला तरी त्याच्या बोटभर रुंदीच्याही नसलेल्या नळ्या सुजतात. पोट उडायला लागतं. म्हाताऱ्या म्हणतात ‘डबा झाला’ आणि पोटावर बिब्ब्याचा डाग देतात. डाग देऊ नका, गाडी करा. आणि बिडी ओढायचीच असेल तर फडाच्या बांधावर जा. कोपीच्या दाराशीही नको.

जाताना एक करा. दवाखान्यात कुठेही, सांगलीला असा नाहीतर कर्नाटकात, बोटाला यंत्र लावलं की न विचारता सांगा : मी बिडी ओढतो, शेवटची अमुक वाजता ओढली. डॉक्टर त्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

मागून चिठ्ठी आलीय. ‘मग यंत्र खरं कधी सांगंल?’ चांगला प्रश्न आहे. हा वायू रक्तातून चार-पाच तासांत निम्मा होतो. एक अख्खा दिवस आणि रात्र बिडी नाही ओढली, की यंत्र जवळपास खरं बोलतं. एवढ्या लवकर सुधारणारं शरीरात दुसरं फारसं काही नाही.

दुसरी चिठ्ठी : ‘बिडी सोडली तर खोकला वाढला, म्हणून परत धरली.’ असं बऱ्याच जणांचं होतं. झोपलेले ते केस जागे होतात आणि साचलेला माल बाहेर काढायला लागतात. काही दिवस बेडका जास्त पडतो. गरम पाणी प्या, कळ काढा. फुकट सल्ल्यासाठी 1800-11-2356 हा नंबर आहे, लिहून घ्या. पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, संध्याकाळी ताप यायला लागला, वजन उतरलं किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर ते बिडी सोडल्यामुळे समजू नका. टोळी जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला द्या. टीबीची ती तपासणी फुकट होते आणि त्यासाठी गावाकडे परत यावं लागत नाही.