आधी क्रियापद, मग आराखडा

गुणात्मक संशोधनाचे बरेचसे सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचे प्रस्ताव, एका ठरावीक वाक्यावर येऊन थांबतात: 'प्रस्तुत संशोधनासाठी गुणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात येणार असून 30 मुलाखती घेण्यात येतील.' यात आराखडा कुठेच नाही. मुलाखत हे साधन आहे. गवंड्याला 'घर कसं बांधणार?' असं विचारावं आणि त्यानं 'थापीनं' म्हणावं, तसं हे उत्तर झालं. मग कमिटीतलं कुणीतरी सुचवतं, 'ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत घडवायची पद्धत) लिहा', विद्यार्थी लिहितो आणि काम मात्र तेच राहतं. 30 मुलाखती आणि शेवटी 5 थीम. आज बोलायचंय ते याच दुखण्याबद्दल. आराखडा प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात छापून भागत नाही. पहिल्या आठवड्यात काय केलं, तिसऱ्या मुलाखतीनंतर काय बदललं, कुठे थांबलात, यात तो दिसावा लागतो.

एकच विषय घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरू. पुण्यातली सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड. कॉट बेसिसवर राहणारी, मेसला जेवणारी, दिवस दिवस अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलंमुली. विषय ठरला, पण विषय म्हणजे प्रश्न नव्हे. प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा आणि त्याचं क्रियापद बघा.

'मुख्य परीक्षेत दोन-चार गुणांनी राहून जाणं कसं अनुभवलं जातं?' इथे क्रियापद अनुभवणं आहे, म्हणजे फिनॉमेनॉलॉजी. 'अभ्यासिकेत लोक एकमेकांशी कसे वागतात, कोणते नियम न सांगता पाळतात?' इथे वागणं आहे, म्हणजे एथ्नोग्राफी. 'तयारी सोडायचा निर्णय कसा घडत जातो?' ही प्रक्रिया झाली, तिला ग्राउंडेड थिअरी. 'सात वर्षांच्या तयारीची गोष्ट माणूस कशी सांगतो?' इथे सांगणं हाच अभ्यासविषय, म्हणून कथनात्मक संशोधन. आणि 'नवा वर्णनात्मक पॅटर्न 2025 पासून लागू करा, या मागणीसाठी 2023 साली पुण्यात आंदोलन कसं उभं राहिलं?' ही हद्द आखता येणारी एक घटना आहे, तिला केस स्टडी. प्रश्नात 'परिणाम', 'प्रमाण', 'सहसंबंध' असे शब्द येत असतील तर सर्व्हे करा, त्यात कमीपणा काही नाही. पुण्यातली अर्थशास्त्राची गोखले संस्था 1930 सालची. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात तिथून या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. मोजणी करायला पुण्यानं लाजायचं कारण नाही.

केस स्टडीबद्दल थोडक्यात. हद्द आधी आखा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणतं शहर, कोणते गट. मग वेगवेगळ्या प्रकारचे किमान तीन पुरावे लागतात. आयोगाची प्रसिद्धिपत्रकं, त्या दिवसांतली वर्तमानपत्रं, आंदोलकांच्या मुलाखती, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेले मजकूर. यांतल्या फक्त मुलाखती उरल्या तर ती केस स्टडी राहत नाही. कथनात्मक संशोधनाचं पथ्यही सोपं आहे. माणसं थोडी घ्या, दोन-तीनसुद्धा चालतील, पण प्रत्येकाकडे तीन-चारदा जा आणि त्याची गोष्ट थीमच्या खिचडीत मिसळू नका. कोणती घटना आधी सांगितली, कोणती गाळली, कुठे एकदम दोन वर्षं ओलांडली, हाच तुमचा डेटा.

फिनॉमेनॉलॉजीत लोक नेमकं एका ठिकाणी घसरतात. मत गोळा करतात आणि त्याला अनुभव म्हणतात. 'परीक्षा पद्धतीत पारदर्शकता हवी' हे मत झालं. निकालाची पीडीएफ उघडली तेव्हा खोलीत कोण होतं, नंबर कसा शोधला, पहिल्यांदा सापडला नाही तेव्हा पुन्हा कसा टाकून बघितला, मग काय केलं, हा अनुभव. त्यासाठी सहा ते दहा जण पुरतात. पण सगळ्यांनी तीच गोष्ट प्रत्यक्ष भोगलेली असली पाहिजे. पूर्व परीक्षेतच राहिलेला मुलगा या अभ्यासात बसत नाही, कितीही छान बोलत असला तरी.

एथ्नोग्राफी म्हणजे मुक्काम. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरपूरच्या पालखीबरोबर चालत गेल्या. रस्त्यानं अभंग सगळ्यांचे एकत्र आणि मुक्कामावर स्वयंपाक मात्र जातीनुसार वेगळा, हे त्यांना चालता चालता दिसलं. 'तुमच्या दिंडीत भेदभाव होतो का?' असं कुणाला विचारून ते हाती लागलं नसतं. अभ्यासिकेतही तसंच आहे. पंख्याखालची जागा कुणाची, रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली वही किती वेळ जागा राखते, कुणी पोस्ट काढली की पेढे कुणाच्या टेबलापासून वाटायला सुरुवात होते, हे विचारून कळत नाही, बसून कळतं. वेळेचं गणित आधी करा. एक तास निरीक्षण म्हणजे किमान तासभर, बहुधा दोन तास टिपण. तेही त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी झोपेनं निम्मं खाल्लेलं असतं. टिपणात 'मुलं तणावात दिसली' असं लिहू नका. 'तीन वाजेपर्यंत चौथ्या टेबलावरचा मुलगा पाच वेळा पाणी प्यायला उठला' असं लिहा. तणाव होता की उन्हाळा होता, ते नंतर ठरवू. आठवड्यातून दोन तास याप्रमाणे महिनाभर जाऊन आलात तर त्याला क्षेत्रभेटी म्हणा, एथ्नोग्राफी म्हणू नका.

आता ग्राउंडेड थिअरी, कारण सर्वांत जास्त नासाडी हिचीच झाली आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1967 साली ही पद्धत मांडली, ती रुग्णालयांत मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना. तिचा कणा एवढाच की गोळा करणं आणि विश्लेषण एकाच वेळी चालतं. 30 मुलाखती आधी उरकून मग कोडिंगला, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना समासात अर्थाची नावं द्यायला, बसलात तर ती ग्राउंडेड थिअरी नव्हे, नाव काहीही द्या. दोन-तीन मुलाखती घ्यायच्या, उतरवायच्या, कोड करायच्या आणि पुढे कुणाला भेटायचं ते त्यातून ठरवायचं.

हे जवळून बघू. पुढची तीन वाक्यं उदाहरणासाठी रचलेली आहेत: 'घरी फोन केला की आई विचारते, जेवलास का. बाबा आता काहीच विचारत नाहीत. मीपण रिझल्टची तारीख सांगत नाही.' नवखा संशोधक समासात लिहितो: 'कौटुंबिक दडपण'. हा कोड मुलाखत न घेतासुद्धा लिहिता आला असता, म्हणजे तो निकामी. इथेही क्रियापद शोधा. 'जेवणाच्या आडून बोलणं चालू ठेवणं.' 'बाबांनी विचारणं थांबवणं.' 'तारीख दडवणं.' आता काहीतरी हलायला लागलं. मग हातातलं काम थांबवून अर्ध्या पानाचं टिपण लिहा, ज्याला मेमो म्हणतात: आधी गप्प कोण झालं, बाप की मुलगा? हे गप्प होणं कितव्या अटेम्प्टनंतर येतं? दोघांनाही कळून चुकलंय आणि दोघंही तसं दाखवत नाहीत, असं आहे का? या मेमोतून पुढचा माणूस ठरतो. ज्याला घरून रोज खोदून विचारलं जातं असा एक शोधा. ज्याला घरून पैसेच येत नाहीत, जो पार्टटाइम नोकरी करून शिकतो, असा दुसरा. पुढच्या मुलाखतीत 'रिझल्टची तारीख कुणाकुणाला सांगितली होती?' हा प्रश्न नव्यानं घाला. प्रश्नावली पहिल्या मुलाखतीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली असेल तर परीक्षकाला एवढ्यावरूनच सगळं कळतं.

इथे एक मोह होतो. ग्लेझर-स्ट्रॉसनी रुग्णालयात हेच पाहिलं होतं: रुग्णालाही ठाऊक, डॉक्टर-नर्सनाही ठाऊक, आणि दोन्ही बाजू ठाऊक नसल्याचं नाटक सांभाळून आहेत. वाचून वाटतं, सापडली आपली थिअरी! पण तिकडचा साचा इकडे दाबून बसवलात तर त्यांच्याच पद्धतीचा तुम्ही भंग केलात. मेमोत नोंद करा आणि फरक शोधा. मरण एकदाच येतं. अटेम्प्ट पुन्हा पुन्हा येतो, दर जाहिरातीबरोबर आशा नव्यानं सुरू होते. तुमचा सिद्धांत सापडलाच तर या फरकाच्या आसपास सापडेल.

नमुना निवडताना काय बिघडतं? स्नोबॉल. एका ओळखीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. पेठेत मुलं बहुधा गावच्या ओळखीनं खोली घेतात, त्यामुळे 20 मुलाखती झाल्यावर लक्षात येतं की सगळे एकाच तालुक्यातले, एकाच मेसला जेवणारे. तुम्ही पुण्यातले उमेदवार नव्हे, एक मित्रमंडळ अभ्यासलंत. उपाय साधा आहे. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करा: एक अभ्यासिका, एक मुलींचं होस्टेल, झेरॉक्सचं दुकान, समाजकल्याणचं वसतिगृह. एका माणसाकडून दोनपेक्षा जास्त नावं घेऊ नका, आणि कोण कुणामार्फत आलं त्याचा तक्ता ठेवा. शिवाय तयारी सोडून गावी परतलेली मुलं पेठेत भेटणारच नाहीत. 'निर्णय कसा घडतो' हा प्रश्न असेल तर तुमची खरी माणसं तीच. त्यांच्यापर्यंत पोचायला एसटीचं भाडं आणि दोन महिने वेळापत्रकात धरा, निदान फोनवरच्या लांब मुलाखती तरी धरा.

मुलाखतीबद्दल इथे एक खास अडचण आहे, आणि ती पुस्तकांत सापडत नाही. ही मुलं मुलाखत द्यायला तयार केलेली असतात. मॉक इंटरव्ह्यू देऊन देऊन त्यांना पॅनेलसमोर कसं बोलायचं ते पक्कं ठाऊक असतं. तुम्ही 'सर' किंवा 'मॅडम' झालात, समोर रेकॉर्डर ठेवलात की समतोल, मुद्देसूद, दोन्ही बाजू मांडणारी उत्तरं सुरू होतात. पहिला तास बहुतेक वाया जातो असं समजा आणि दुसऱ्यांदा जा. 'तुम्हाला टेन्शन येतं का?' असं कधीच विचारू नका. 'काल सकाळी उठल्यापासून सांगा' असं म्हणा. आणि 'का?' जपून वापरा. मराठीत 'का केलंस?' हा जाब असतो, घरी रोज मिळतो तोच. 'ते कसं झालं?' विचारलं की माणूस सांगायला लागतो. अभ्यासिकेत बोलता येत नाही आणि अमृततुल्यमध्ये रेकॉर्डिंगवर बोलण्यापेक्षा कपबश्याच जास्त ऐकू येतात. संध्याकाळची बाग किंवा कॉलेजचा रिकामा वर्ग बरा. शेजारी रूममेट बसला असेल तर पैशाबद्दल आणि लग्नाबद्दल अक्षर निघणार नाही.

तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन म्हणजे पाच-सहा तासांची बैठक. मोबाइलवरची स्वयंचलित सोय कच्चा खर्डा देते, पण बोलीतले शब्द प्रमाण करून टाकते आणि थांबणं, हसणं गाळते. ते पुन्हा ऐकून भरावं लागतं. प्रबंध इंग्रजीत असला तरी कोडिंग मराठीतच करा. 'सेटल होणं' हा शब्दच घ्या. वरवर इंग्रजी, पण पेठेत त्यात नोकरी, लग्न, बहिणीचं लग्न आणि बापाचं कर्ज एवढं सगळं येतं. लगेच भाषांतर केलंत तर चारांतलं एक उरतं.

'किती मुलाखती पुरतात?' हा प्रश्न येणारच. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत घेतलेल्या 60 मुलाखती तपासून 2006 साली एक लेख आला. त्यात पहिल्या 12 मुलाखतींतच बहुतेक कोड सापडले होते. तेव्हापासून 12 हा आकडा तावीज झाला आहे. पण तिथे सगळ्या उत्तरदात्या बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते. तुमच्या नमुन्यात मुली, मुलगे, पहिल्या अटेम्प्टवाले, सातव्यावाले, परतलेले असे सगळे असतील तर 12 मध्ये काही होत नाही. 'नवीन काही येईनासं झालं' म्हणजे सॅच्युरेशन, असं म्हणतात. पण नवीन येत नाही ते विषय संपला म्हणून की तुम्ही तेच तेच विचारताय म्हणून, हे एकदा स्वतःला विचारा. प्रबंधात नुसता शब्द लिहू नका. कितव्या मुलाखतीनंतर किती नवे कोड आले याचा छोटा तक्ता द्या. विरुद्ध जाणारी उदाहरणं मुद्दाम शोधली का, तेही लिहा.

शेवटी डेटाची जपणूक. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावाची, नीट लावून तयार केलेली टिपणं 1970 च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली. प्रती तीन होत्या, तिन्ही तिथेच. पुढे त्यांनी आठवणीतून लिहिलं, पण ते श्रीनिवास होते. तुमच्याही तीन प्रती असतात: फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि पेन ड्राइव्हवर, आणि तिन्ही एकाच सॅकमध्ये घालून तुम्ही गर्दीच्या पीएमपी बसमध्ये चढता. एक प्रत गाइडच्या कपाटात ठेवा. फाइलला नाव देताना उत्तरदात्याचं नाव नको, क्रमांक आणि तारीख पुरे. क्रमांक कुणाचा ते सांगणारी यादी कागदावर, वेगळ्या जागी, कुलपात.